विक्रीपूर्वी घराची सिद्धता : पावसचे कौलारू घर

विकाऊ घराची झाडलोट, डागडुजी, रंगरंगोटी आणि मांडणी अशी करणे की पाहायला आलेल्या माणसाला त्या घरातले आपले राहणे डोळ्यांसमोर आणता यावे, हे काम पाश्चात्त्य देशांत गेल्या अर्धशतकात स्वतंत्र व्यवसाय म्हणून उभे राहिले आहे. त्याला ‘होम स्टेजिंग’ असे नाव असून त्याची सुरुवात अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात बार्ब श्वार्ट्झ यांनी १९७२ मध्ये केली असे मानले जाते. महाराष्ट्रातील शहरी वाचकाला याचे सर्वांत परिचित रूप म्हणजे बांधकाम व्यावसायिकांची नमुना सदनिका होय. तेथे पलंग नेहमीपेक्षा किंचित आखूड असतो, आरसे मोठे असतात आणि दिवे दुपारीही लावलेले असतात. नव्या इमारतीतील सदनिकेची विक्री अशा मांडणीवर काही प्रमाणात चालते, कारण तेथे भिंत, छप्पर, पाणी आणि मालकी यांविषयीचे बहुतेक प्रश्न सर्व सदनिकांना सारखेच लागू असतात आणि ग्राहकाचे मन केवळ आतल्या रूपावर स्थिरावते. रत्नागिरी तालुक्यातील पावससारख्या गावात साठ-सत्तर किंवा शंभर वर्षांचे कौलारू घर विकायचे असते तेव्हा मात्र प्रश्नांचा क्रम उलटा होतो. तेथे ग्राहक आधी छपराकडे पाहतो, मग विहिरीत डोकावतो, मग सातबारा मागतो, आणि भिंतीचा रंग त्याच्या लक्षात आलाच तर सर्वांत शेवटी येतो.

रंग आणि सामान यांचा किमतीवर नेमका किती परिणाम होतो, हा प्रश्न अमेरिकेतील अभ्यासकांनाही पडला होता. मार्क लेन, मायकेल सायलर आणि व्हिकी सायलर यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात एकाच घराची रूपे निरनिराळ्या रंगांच्या भिंतींसह आणि चांगल्या-वाईट फर्निचरसह ग्राहकांना दाखवली. त्यात आढळले की डोळ्यांना खटकणारा रंग आणि बेढब सामान पाहून घर राहण्यास कमी सुखावह वाटते, परंतु ग्राहक देऊ करत असलेल्या किमतीत त्यामुळे म्हणण्यासारखा फरक पडत नाही. सजावटीचा व्यवसाय करणाऱ्यांना हा निष्कर्ष फारसा सोयीचा नाही, पण तो समजण्यास अवघडही नाही, कारण रंग बदलता येतो हे घर घेणाऱ्याला ठाऊक असते. त्याला धास्ती असते ती न दिसणाऱ्या दोषांची. जॉर्ज अकेर्लोफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये जुन्या मोटारगाड्यांच्या बाजाराचे उदाहरण घेऊन या धास्तीचे विवेचन केले होते. वस्तूतील खोट विक्रेत्याला माहीत असते, ग्राहकाला नसते. त्यामुळे ग्राहक प्रत्येकच वस्तूत खोट असेल असे धरून किंमत कमी सांगतो आणि चांगली वस्तू बाळगणाऱ्याचेही नुकसान होते. या विचारासाठी अकेर्लोफ यांना २००१ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक अन्य दोघांसह विभागून मिळाले. कोकणातील जुन्या घराच्या बाबतीत हे विवेचन तंतोतंत लागू पडते, आणि म्हणून या प्रकरणात ‘सिद्धता’ हा शब्द सजावटीपेक्षा वेगळ्या अर्थाने वापरला आहे: घराची खरी स्थिती ग्राहकाला सहज तपासता येईल अशी करून ठेवणे, हा तो अर्थ होय.

रत्नागिरी शहराच्या दक्षिणेस सुमारे वीस किलोमीटरवर, गौतमी नदीच्या काठी वसलेले पावस हे स्वामी स्वरूपानंदांचे गाव म्हणून महाराष्ट्राला माहीत आहे. स्वामींचा जन्म १९०३ मध्ये येथेच झाला, त्यांनी १९७४ मध्ये येथेच देह ठेवला आणि त्यांच्या समाधिमंदिरामुळे वर्षभर भाविकांची ये-जा गावात असते. या वस्तुस्थितीचा घरांच्या बाजाराशी थेट संबंध आहे. आडबाजूच्या एखाद्या वाडीतील घराला ग्राहक मिळणे दुरापास्त असते, तर पावसमध्ये घर शोधणाऱ्यांत निवृत्तीनंतर समाधिमंदिराच्या जवळ राहू इच्छिणारे भाविक, सुटीपुरते घर हवे असलेले मुंबई-पुण्याचे लोक आणि निवास-न्याहारी योजनेसारख्या मार्गाने पाहुण्यांची सोय करू पाहणारे व्यावसायिक असे तिन्ही वर्ग असू शकतात. विक्रीस निघणारी घरे बहुधा चाकरमान्यांची, म्हणजे नोकरीसाठी मुंबईस गेलेल्या कुटुंबांची असतात. २००१ च्या जनगणनेत सुमारे १६ लाख ९७ हजार असलेली रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २०११ मध्ये १६ लाख १५ हजारांवर आली. महाराष्ट्राची एकूण लोकसंख्या वाढत असता हा जिल्हा आणि शेजारचा सिंधुदुर्ग यांची मात्र घटली. २०११ च्याच जनगणनेत जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया नोंदल्या गेल्या, यावरून गाव सोडून जाणाऱ्यांत पुरुषांचे प्रमाण किती आहे हे कळते. मागे राहिलेली वडीलधारी पिढी सरली की घराला कुलूप लागते, ते गणपतीला आठ-दहा दिवस आणि मे महिन्यात जमल्यास पंधरा दिवस उघडते, आणि एकदा का गणपतीही मुंबईच्या घरी नेला गेला की तेही थांबते.

कौलारू घर बंद राहिल्याने जितके खराब होते तितके वापराने होत नाही, हे विक्रीची तयारी करणाऱ्याने सर्वप्रथम ध्यानात घेतले पाहिजे. पडवी, ओटी, माजघर, स्वयंपाकघर आणि मागील पडवी अशा ओळीने रचलेल्या या घरात पूर्वी दिवसातून दोन वेळा चूल पेटत असे. धूर माळ्यावरून छपरात शिरून कौलांच्या फटींतून बाहेर पडे आणि वाटेत वासे, रिपा व आढे यांना कोरडे ठेवी. लाकडावर बसलेल्या काजळीमुळे भुंगा आणि वाळवी यांनाही काहीसा अटकाव होई. चूल गेली आणि गॅस आला तेव्हा हे संरक्षण निम्मे गेले, माणसेही गेली तेव्हा ते पूर्णपणे संपले. रत्नागिरीच्या किनारपट्टीवर वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. एवढ्या पावसात खिडक्या-दारे बंद असलेल्या घरात हवेतील दमटपणा कोंडतो, गाद्या, कागद आणि कपडे यांना बुरशी येते आणि एक कुबट वास भिंतींत मुरतो. ग्राहकाने दार उघडताच जाणवणारी पहिली गोष्ट हा वास असते. उदबत्ती किंवा सुगंधी फवारे यांनी तो जात नाही, उलट काहीतरी झाकले जात असल्याचा संशय बळावतो. घर दाखवण्याच्या किमान महिनाभर आधीपासून दारे-खिडक्या रोज उघडणे, जुन्या गाद्या, गोधड्या आणि रद्दी बाहेर काढणे, मातीची जमीन असल्यास ती चोपून सारवणे आणि जमल्यास कुटुंबातील कोणी तेथे येऊन राहणे, हाच त्यावर उपाय आहे.

छपराचे काम वेळच्या वेळी होणे ही कोकणी घराची मूळ गरज आहे. मृगाच्या आधी, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यापूर्वी, कौले उतरवून, झाडून, फुटकी बदलून पुन्हा लावण्याच्या कामाला शाकारणी म्हणतात. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूरला कौलांचा कारखाना काढल्यानंतर तेथील चपटी, खाचेत बसणारी कौले समुद्रमार्गे किनारपट्टीवर पसरत गेली आणि कुंभाराने घडवलेल्या गावठी कौलांची जागा त्यांनी घेतली. मंगळुरी कौल वर्षानुवर्षे टिकते, परंतु नारळ पडून, फांदी आदळून किंवा माकडांच्या उड्यांनी ते फुटते, आणि एका फुटक्या कौलातून झिरपणारे पाणी दोन पावसाळ्यांत त्याखालचा वासा कुजवते. म्हणून विक्रीपूर्वी करावयाच्या खर्चात शाकारणीचा क्रमांक पहिला लागतो. वासे तपासताना अणकुचीदार खिळा लाकडात टोचून पाहावा. तो सहज आत गेला तर तो वासा बदलावा. भिंतीवरून वर चढणाऱ्या वाळवीच्या मातीच्या नळ्या नुसत्या झाडून टाकू नयेत. त्या कोठून येतात याचा माग काढून तेथे प्रक्रिया करून घ्यावी आणि केलेल्या कामाची पावती जपून ठेवावी. ही पावती ग्राहकाच्या दृष्टीने नव्या रंगापेक्षा मोलाची असते. नवा वासा जुन्या काळ्या वाशांच्या शेजारी पिवळा, उठून दिसतो म्हणून त्याला काळा रंग देण्याची प्रथा आहे. ती सोडून द्यावी, कारण उठून दिसणारा नवा वासा दुरुस्ती झाल्याची साक्ष देतो.

भिंतींच्या बाबतीत चुका अधिक होतात आणि त्या महागही पडतात. येथील घरे जांभ्याच्या चिऱ्यांची असतात. जांभा हा उष्ण व पावसाळी हवामानात खडकांची झीज होऊन तयार झालेला, लोह आणि ॲल्युमिनियमची संयुगे असलेला सच्छिद्र दगड असून तो खाणीतून मऊ निघतो आणि हवा लागून कठीण होत जातो. दगड सच्छिद्र असल्यामुळे भिंत पावसाळ्यात ओल शोषते आणि ऑक्टोबरपासून ती हळूहळू सोडते. चुन्याचा गिलावा आणि चुन्याची सफेदी या देवाणघेवाणीला वाट देतात. सिमेंटचा पक्का गिलावा आणि त्यावरचा तैलरंग मात्र ती अडवतात. विक्रीच्या घाईत एप्रिल-मे महिन्यांत भिंतीला चकचकीत तैलरंग लावला तर त्या वेळी घर नवे दिसते, पण पहिल्याच पावसात रंगाला फोड येतात, पापुद्रे सुटतात आणि ओलीबरोबर पृष्ठभागावर आलेले क्षार, ज्याला लोणा लागणे म्हणतात, ते पांढऱ्या बुरशीसारखे दिसू लागतात. या अवधीत व्यवहार पुरा झालेला नसेल तर तो मोडतो, झाला असेल तर भांडण सुरू होते. चुन्याची सफेदी स्वस्त आहे, तिने घर उजळते आणि ती कोणताही दोष लपवत नाही. ज्या भिंतींवरचे चिरे नीट घडवलेले आणि सांधे बारीक आहेत त्या बाहेरून तशाच उघड्या ठेवाव्यात, कारण शहरातून येणाऱ्या ग्राहकाला जांभ्याची उघडी भिंत हवी असते आणि तिच्यावर सिमेंट थापून ती ‘आधुनिक’ करणाऱ्याने स्वखर्चाने घराचे मोल उतरवलेले असते. भिंतीच्या पायथ्याशी ओल असेल तर बहुधा पागोळ्यांचे पाणी तेथे साचत असते. पन्हळी दुरुस्त करून आणि अंगणाचा उतार बाहेरच्या बाजूला वळवून ती ओल पुष्कळ कमी करता येते.

आतल्या मांडणीविषयी पाश्चात्त्य पुस्तके सांगतात की विक्रेत्याच्या कुटुंबाच्या खुणा काढून टाकाव्यात, म्हणजे पाहणाऱ्याला तेथे स्वतःची कल्पना करता येईल. या सूचनेतील अर्धा भाग येथे लागू पडतो. हार घातलेल्या पूर्वजांच्या तसबिरी, शाळेची पदके, औषधांचे डबे आणि माळ्यावर तीन पिढ्यांनी टाकलेले सामान घर दाखवण्यापूर्वी हलवलेच पाहिजे; तसबिरी तर कुटुंबाने सन्मानाने आपल्याबरोबर न्याव्यात. देवघरातील टाक आणि मूर्ती यांची पुढची व्यवस्था, म्हणजे ते कोणत्या भावाकडे जाणार हे, ग्राहक येण्यापूर्वीच ठरलेले असावे, कारण रिकामे पण स्वच्छ देवघर घेणाऱ्याला आपले वाटते, तर मूर्तींसह तसेच सोडलेले देवघर त्याला संकोचात टाकते. घराची जी स्वतःची वैशिष्ट्ये आहेत ती मात्र मोकळी करून दाखवावीत. ओटीवरचा झोपाळा, माजघराचे कोरीव खांब, भिंतीतले कोनाडे, फणसाच्या किंवा सागाच्या फळ्यांचे तक्तपोशी छत, जाड दारांचे आडणे आणि परसातली न्हाणी हे सर्व कपाटे, प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि फ्रिज यांच्या मागे दडलेले असते. माजघर हा घराचा मधला भाग असल्याने तेथे उजेड कमी असतो. त्यावर जुना आणि साधा उपाय म्हणजे छपरातील चार-दोन कौलांच्या जागी काचेची कौले बसवणे. या एका बदलाने घराचे रूप जितके पालटते तितके महागड्या दिव्यांनीही पालटत नाही.

अशा घरात किती थोडे सामान पुरते हे ज्याला पाहायचे असेल त्याला पावसमध्येच उदाहरण सापडेल. देसाई कुटुंबाच्या ‘अनंत निवास’ या घरात स्वामी स्वरूपानंदांचे सुमारे चाळीस वर्षे वास्तव्य होते आणि भाविक आजही त्या वास्तूच्या दर्शनाला जातात. तो अर्थातच श्रद्धेचा विषय असून विक्रीशी त्याचा संबंध नाही. तरी साधेपणाने राखलेले कोकणी घर माणसाच्या मनावर काय परिणाम करते हे त्यावरून उमजते. रत्नागिरीच्या टिळक आळीतील लोकमान्यांचे जन्मस्थान आणि मालगुंड येथील केशवसुतांचे घर याही उतरत्या छपराच्या, जपलेल्या वास्तू आहेत. जुने घर जुनेच ठेवून नीटनेटके कसे करावे याचा अंदाज घेण्यासाठी विक्रेत्याने आणि त्याच्या गवंड्यानेही त्या एकदा पाहून याव्यात.

घराबाहेरच्या आवाराकडे विक्रेत्याचे दुर्लक्ष होते, आणि ग्राहक तर प्रत्यक्षात त्या आवारासाठीच आलेला असतो. बेड्यापासून ओटीपर्यंतची वाट, म्हणजे कुंपणाच्या प्रवेशापासून घरापर्यंतची पाखाडी, शेवाळमुक्त आणि पाय न घसरणारी असावी. जांभ्याचे दगड चुना-मातीशिवाय रचून केलेला गडगा कोसळला असेल तर तो पुन्हा रचून घ्यावा, कारण तो शोभेची वस्तू तर आहेच, पण आवाराची हद्दही तोच दाखवतो. रान वाढलेल्या आवारात पाऊल टाकताना माणूस आधी सापाचा विचार करतो. साफसफाई करताना मात्र झाडे तोडून जागा ‘मोकळी’ करण्याचा मोह आवरावा. रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि शेजारच्या जिल्ह्यांतील हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले असून आवारातील उत्पन्न देणारी दोन-चार कलमे, एखादा फणस, कोकम आणि माड हे या घरांचे खरे आकर्षण आहे. झाडांची संख्या आणि जात खरेदीखतात लिहिली जाईल हे विक्रेत्याने आधीच सांगावे. त्यामुळे ‘या वर्षीचा आंबा कोणाचा’ हा वाद टळतो.

घर कोणत्या ऋतूत दाखवावे, या प्रश्नावर विक्रेते एकमुखाने मे महिना सांगतात, कारण आंबा असतो, चाकरमानी गावी असतात आणि छप्पर गळत नाही. दक्ष ग्राहकाने आणि प्रामाणिक विक्रेत्याने याचा वेगळा विचार केला पाहिजे. एवढा पाऊस पडूनही रत्नागिरी जिल्ह्यातील अनेक वाड्यांना एप्रिल-मे महिन्यांत टँकरने पाणी पुरवावे लागते, कारण जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर, पडलेले पाणी दगडातून झिरपून उताराने वाहून जाते. तेव्हा विहिरीची परीक्षा मे महिन्यातच होते आणि छपराची परीक्षा जुलैमध्ये. ज्या विक्रेत्याच्या विहिरीला मे अखेरीस पाणी आहे त्याने ग्राहकाला मुद्दाम त्या वेळी बोलावून रहाटाने पाणी काढून दाखवावे. आणि ज्याची शाकारणी झाली आहे त्याने भर पावसात माजघरात बसवून वर पाहण्यास सांगावे. दोन्ही वेळा येणे दूरच्या ग्राहकाला शक्य नसेल तर तारीख नोंदलेली छायाचित्रे आणि चित्रफिती तयार ठेवाव्यात. विहीर भावकीत सामाईक असेल आणि पाणी पाळीने घेतले जात असेल तर तेही त्याच वेळी सांगितले पाहिजे.

एवढे सगळे केल्यानंतरही कोकणातील घरांचे व्यवहार ज्या ठिकाणी अडतात ती जागा घरात नसून कागदांत असते. सातबारा उतारा हा जमिनीच्या धारकांची, पिकांची आणि इतर हक्कांची नोंद असलेला महसुली दाखला आहे, तर आठ-अ उताऱ्यावर एका खातेदाराच्या गावातील सर्व जमिनी एकत्र दिसतात. कोकणात एकाच सातबाऱ्यावर वीस-तीस सहहिस्सेदारांची नावे असणे नेहमीचे आहे. त्यांतील काही हयात नसतात, काहींचे वारस नोंदलेले नसतात आणि काहींचा पत्ताच कुटुंबाला ठाऊक नसतो. घराची नोंद ग्रामपंचायतीच्या कर आकारणीच्या नोंदवहीत, म्हणजे नमुना ८ मध्ये, वेगळी असते. घरपट्टी कोणाच्या नावावर आहे यावरून कर कोणी भरायचा एवढेच सिद्ध होते, मालकी सिद्ध होत नाही, आणि ‘घरपट्टी आमच्या नावावर आहे’ एवढ्या भरवशावर विसार घेणाऱ्या विक्रेत्याची पुढे फार कुचंबणा होते. गावठाणातील मिळकतींची ड्रोनद्वारे मोजणी करून मालमत्ता पत्रक देणारी स्वामित्व योजना एप्रिल २०२० मध्ये सुरू झाली, पण कोकणातील वस्ती वाड्यावाड्यांत विखुरलेली असल्याने पुष्कळ घरे गावठाणाबाहेर, शेतजमीन म्हणून नोंदलेल्या क्षेत्रात उभी असतात. तशी स्थिती असल्यास १९४८ च्या कुळवहिवाट अधिनियमाचे कलम ६३ आडवे येते, कारण त्यानुसार शेतकरी नसलेल्या व्यक्तीला शेतजमीन घेण्यासाठी परवानगी लागते. ग्राहक शेतकरी आहे की नाही आणि घराखालची जमीन बिनशेती झालेली आहे की नाही, हे दोन प्रश्न म्हणूनच पहिल्या भेटीतच विचारले गेले पाहिजेत.

बहिणींचा हक्क हा यातील सर्वांत नाजूक विषय. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना मुलांच्या बरोबरीने सहदायाद, म्हणजे जन्माने हक्कदार, ठरवले आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात हा हक्क वडील २००५ मध्ये हयात असण्यावर अवलंबून नाही असे स्पष्ट केले. तरीही लग्न होऊन गेलेल्या बहिणीला न विचारता घर विकायला काढणारे भाऊ आढळतात. हे कायद्याने चुकीचे आहे आणि माणुसकीनेही. बहीण स्वखुशीने हिस्सा सोडणार असेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र करावे आणि सोडणार नसेल तर तिचा वाटा तिला द्यावा. तिच्या सहीवाचून ग्राहकाला घर दाखवूच नये. एखाद्या भावाने एकट्याने आपला अविभक्त हिस्सा परक्याला विकला, तर मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ४४ नुसार एकत्र कुटुंबाच्या राहत्या घरात त्या परक्याला संयुक्त ताबा मागता येत नाही. जाणता ग्राहक म्हणूनच अशा हिश्शाला हात लावत नाही.

वाटेचा प्रश्नही असाच आधी मिटवावा लागतो. घरापर्यंतची पाणंद शेजाऱ्याच्या जमिनीतून जात असेल आणि वीस वर्षांहून अधिक काळ हक्काने, उघडपणे व अखंड वापरात असेल, तर १८८२ च्याच सुविधाधिकार कायद्यान्वये तिच्यावर हक्क सांगता येतो. परंतु नवा मालक मोटार आणील तेव्हा पायवाटेच्या हक्कावरून कलह होणार हे उघड आहे. शेजाऱ्याशी आजवरच्या संबंधांच्या बळावर विक्रेत्यानेच लेखी संमती मिळवून देणे सोपे जाते. खाडी किंवा समुद्र यांच्या जवळच्या जागेस किनारा नियमन क्षेत्राची बंधने लागू होतात का, याची चौकशी करून तिचे उत्तरही कागदांत ठेवावे. याशिवाय आवारात राखणदाराचे, म्हणजे जागेच्या रक्षक देवाचे, स्थान असल्यास, किंवा ग्रामदेवतेच्या पालखीसाठी घरापुढची वाट मोकळी ठेवण्याची पद्धत असल्यास, ते कोणत्याही उताऱ्यावर लिहिलेले नसते. ते नव्या माणसाला तोंडी, नीट समजावून सांगणे हे गाव सोडणाऱ्याचे कर्तव्य आहे.

दोष सांगावेत की झाकावेत, हा प्रश्न कायद्याने विक्रेत्याच्या मर्जीवर सोडलेला नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ५५ नुसार मिळकतीतील किंवा मालकीतील जो महत्त्वाचा दोष विक्रेत्याला माहीत आहे आणि ग्राहकाला साधारण दक्षतेने कळण्यासारखा नाही, तो उघड करणे विक्रेत्यावर बंधनकारक आहे, आणि तो उघड न करणे हे कपट समजले जाते. कुजलेल्या वाशाखाली थर्माकोलचे छत ठोकणे किंवा ओलीच्या डागावर कपाट सरकवणे ही म्हणून नुसती विक्रीकला उरत नाही. याच कलमान्वये करार झाल्यापासून ताबा देईपर्यंत मिळकतीची काळजी सामान्य समंजस मालकाप्रमाणे घेण्याची जबाबदारीही विक्रेत्याचीच असते. मे महिन्यात साठेखत झाले आणि खरेदीखत दिवाळीनंतर होणार असेल, तर मधला सबंध पावसाळा घर विक्रेत्याच्या जबाबदारीवर असते हे बहुतेकांच्या गावी नसते. त्या चार महिन्यांत वारा-पावसाच्या माऱ्याकडील भिंतीला झाप, म्हणजे विणलेल्या झावळ्या, बांधणे, गळती पाहणे आणि घर अधूनमधून उघडणे यासाठी गावातील विश्वासू माणसाला मेहनताना देऊन नेमावे.

प्रत्यक्ष दाखवण्याच्या दिवसासाठी फार काही लागत नाही. अंगण झाडलेले, तुळशीला पाणी घातलेले, विजेची आणि पाण्याची सोय चालू आणि ओटीवर एका फायलीत सातबारा, आठ-अ, फेरफार, मोजणीचा नकाशा, घरपट्टीच्या व वीजबिलाच्या पावत्या, हक्कसोडपत्रे, दुरुस्तीची बिले आणि राहिलेल्या दोषांची एक स्वच्छ यादी असावी. कुटुंबातील एकानेच बोलावे. चार भाऊ आणि दोन काका एकाच वेळी किंमत सांगू लागले की ग्राहक मनातल्या मनात परत फिरतो. घराच्या कोणत्या भागावर किती वेळ ऊन असते, वारा कोणत्या बाजूने येतो, मुलाला शाळा आणि वृद्धाला दवाखाना किती अंतरावर आहे, रत्नागिरीला जाणारी शेवटची एसटी किती वाजता सुटते, यांसारख्या माहितीचा उपयोग ग्राहकाला खरोखर होतो.

ही सर्व कामे एका उन्हाळ्यात होत नाहीत. वारसांच्या नोंदी लावण्यास आणि मोजणी होऊन हद्दी कायम होण्यास महिनोन्‌महिने लागतात, शाकारणीचे कसबी कामगार मे महिन्यात मागूनही मिळत नाहीत, आणि केलेली दुरुस्ती टिकली की नाही हे एक पावसाळा गेल्यावाचून कळत नाही. म्हणून पावसमधील घर विकू पाहणाऱ्या कुटुंबाने किमान एक वर्ष हाताशी धरावे, पहिला अर्ज भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीसाठी करावा, त्यानंतर शाकारणी करून घ्यावी आणि रंगाऱ्याला सर्वांत शेवटी बोलवावे.